घराचा पत्ता टाका

१

गाडीत स्टिरिओ बसवणं हे काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही, आणि मी सांगतो तितकं अवघडही नाही. डॅशबोर्डची चौकट न मोडता काढायची, रंग बघून वायरी जोडायच्या, जीपीएसची काडेपेटीएवढी डबी काचेखाली चिकटवायची आणि सगळं परत दाबून बसवायचं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून "ओरखडा नाही ना पडणार?" असं विचारत राहतं. आपण "नाही हो" म्हणत राहायचं. एवढीच काय ती कला.

नकाशे अपडेट करणं मात्र शुद्ध कंटाळा. मेमरी कार्ड घालायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना बघत बसायचं. मध्येच इंजिन बंद पडलं की स्टिरिओ कामातून गेला. अपडेट पुरं झालं की तो पाटीसारखा कोरा होतो. भाषा विचारतो, आवाज किती हवा विचारतो, आणि शेवटी म्हणतो, ‘घराचा पत्ता टाका.’

तिथे मी माझ्या घराचा पत्ता टाकायचो. दुकानापासून माझ्या घरापर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ. यंत्राने कुठे चुकीचं वळण दाखवलं तर गाडी जागची न हलवता मला कळतं. तपासून झालं की माझा पत्ता पुसायचा आणि गिऱ्हाइकाला त्याचा टाकून द्यायचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

या खेपेला नव्या नकाशांसाठी गाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडीत तेच तेच भरायचा मला वैताग आला. म्हणून पहिल्या गाडीत सगळं नीट लावून घेतलं, ते जसंच्या तसं कार्डावर उतरवलं आणि तेच कार्ड बाकीच्या गाड्यांना लावत सुटलो. दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधी आटपलं. मालक खूश. म्हणाले, "डोकं आहे रे तुला. अधूनमधून वापरत जा."

कार्डावर उतरवताना माझा पत्ता पुसायचा राहिला होता. ते मला घरी गेल्यावर कळलं.

२

बायको घरी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. मागची खोली तिच्या मशीनची. तिथे सदा रेक्झिनचा आणि फोमचा वास, आणि पिल्लू, म्हणजे आमची लेक, कापलेल्या तुकड्यांचं घर करून त्यात बसलेली. मी आत डोकावलो तर बायकोने मशीन न थांबवताच सांगितलं, "दुपारी एक माणूस आला होता."

"कोण?"

"दातांचे डॉक्टर म्हणे. दार उघडलं तर सरळ आत पाऊल टाकलं. मग मला बघून थबकले. म्हणाले, ‘माफ करा, गाडीतल्या यंत्राने घरी आणलं, मी आपला आलो.’ कानापर्यंत लाल झाले बिचारे. मी म्हटलं, पाणी तरी घ्या."

"घेतलं?"

"घेतलं. आणि पेला धुऊन पालथा घालून गेले. शीक काहीतरी."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. कार्डाची गोष्ट सांगितली तशी ती इतकी हसली की टाका चुकला. "म्हणजे आता गावभरची माणसं आपल्या दारात?" पिल्लूने विचारलं, सगळ्यांना खाऊ द्यायचा का. मी म्हटलं, "सगळ्यांना नाही, फक्त शहाण्यांना," आणि मीही पोटभर हसलो.

जेवून उठल्यावर मी माझा पेला धुवायला गेलो, टोमणा लागला होता म्हणून. स्वयंपाकघर आमच्याकडे अगदी मागे आहे, मशीनची खोली ओलांडून, कोपऱ्यावरून वळून. पुढच्या दारातून ते दिसत नाही.

"पेला ठेवायला आत तू नेलंस त्यांना?" मी विचारलं.

"छे. मी इथेच होते," ती म्हणाली, "तेच गेले." तिने दिवा मालवला आणि मी तो विषय सोडून दिला.

३

सकाळीच ते कार्ड लावलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले. चूक कबूल केली, गाडी घेऊन या, हातोहात दुरुस्त करून देतो म्हटलं. त्यांतला एक फोटोग्राफर म्हणाला, "कशाला? व्यवस्थित घरी पोहोचवतंय की." मला वाटलं, त्याने स्वतःच पत्ता बदलला असेल. एक शाळेतले सर होते, ते म्हणाले, सवडीने येतो. दातांचे डॉक्टर तेवढे लगेच आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हात अगदी स्वच्छ.

मी त्यांच्या गाडीत बसून माझा पत्ता पुसला. पडदा कोरा झाला, ‘घराचा पत्ता टाका’ आलं.

"सांगा डॉक्टर."

ते शेजारच्या सीटवरून सांगत गेले आणि मी बोटाने टाकत गेलो. रस्त्याचं नाव अर्धं टाकून झालं तेव्हा माझं बोट थांबलं. ते माझाच पत्ता सांगत होते.

"डॉक्टर, चूक माझी होती, कबूल. आता किती दिवस पिळणार?"

"मी समजलो नाही," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. मी समजावून सांगितलं की हा माझा पत्ता आहे, तुमचा पुसला गेलाय, तुमचा सांगा. ते ऐकून घेत होते. पेशंट काय दुखतंय ते सांगत असला की डॉक्टर ऐकतात तसं, मान हलवत. मग म्हणाले, "तळमजला. दार खाली घासतं, गुडघ्याने उचलून लोटावं लागतं. खिडकीपाशी खुर्ची आहे, तिला सीट कव्हराचा तुकडा लावलाय. बरोबर?"

"बरोबर. तुम्ही काल येऊन गेलात."

"कपाटामागे बटण आहे. मागच्या बाजूच्या दिव्याचं."

इथे माझा जीव भांड्यात पडला. "नाही! बघा, तिथेच चुकलात. आमच्याकडे असं काही बटण नाही."

"आहे हो," ते समजुतीने म्हणाले. "कपाट आल्यापासून झाकलं गेलंय. हात घालावा लागतो."

मी पडद्यावरचा अर्धा पत्ता पुसून टाकला आणि गाडीतून उतरलो. म्हटलं, आठवला की सांगा. ते गाडीतच बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी काच खाली केली आणि मला विचारलं, "मग मी कुठे राहतो?" अगदी साधेपणाने विचारलं. मी आत जाऊन उगाच वायरी गुंडाळत बसलो.

४

त्या दिवशी मी लवकर घरी आलो. चपला न काढताच कपाटापाशी गेलो. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट आहे. मनगटापर्यंत घातला, मग कोपरापर्यंत. बोटांना जळमटं लागली, भिंतीचा गारवा लागला, आणि मग बटण लागलं.

ते दाबलं. मागच्या खिडकीबाहेर पिवळा उजेड पडला. धुणं वाळत घालतो त्या बोळकांडीत, भिंतीवर उंच, एक दिवा होता. मी तो याआधी पाहिल्याचं मला आठवेना.

"हे कुणी बसवलं?"

"तूच की," बायको म्हणाली. "आणि आता काय सुचलं? दुपारी आलास तेव्हा लावायचा होतास."

"दुपारी मी आलो नव्हतो."

"बरं."

"बरं काय? मी दुकानात होतो!"

तिने मशीन थांबवलं. "नळ कुणी दुरुस्त केला मग? भुताने?"

कित्येक दिवस ठिबकणारा नळ खरंच बंद झाला होता. मी तिला विचारलं, दुपारी मी काय घातलं होतं. ती म्हणाली, निळा चौकड्यांचा शर्ट. माझ्या अंगावर दुकानाचा काळा टी-शर्ट होता, आणि निळा चौकड्यांचा शर्ट माझ्याकडे नाही. फोटोग्राफर घालतो तसला.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं. "तो मी होतो? नीट आठव. तोंड आठव."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्यावर चिडलेली मी पाहिली आहे, रडलेली पाहिली आहे. पण माझ्याकडे बघून ती कधी गोंधळली नव्हती. "तूच होतास," ती शेवटी म्हणाली, आणि ते तिने मला नाही, स्वतःलाच सांगितलं.

मी स्वतःची समजूत घालायला लागलो. हिच्यावर मोठ्या ऑर्डरचा बोजा आहे. मान मोडून शिवते, झोप नाही. माणसाचं होतं असं. मग मी पिल्लूकडे वळलो, कारण लहान मूल खोटं बोलेल पण चुकणार नाही. तिला मांडीवर घेऊन विचारलं, "दुपारी कोण आलं होतं गं?"

"बाबा."

"कुठला बाबा?"

हा काय प्रश्न झाला, असं तिचं तोंड. "आपला," ती म्हणाली आणि तुकड्यांच्या घरात निघून गेली. मी बायकोला बजावलं, मी नसताना कुणालाही दार उघडायचं नाही.

"उघडावं कुठे लागतं?" ती म्हणाली. "तुम्ही गुडघा लावून येता."

आजवर ती मला कधी तुम्ही म्हणाली नव्हती. रागाने म्हणाली असेल, मानाने म्हणाली असेल. तिसरा अर्थ मी मनात येऊ दिला नाही.

५

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची गाडी दुकानासमोर होती तिथेच होती. शर्टाची इस्त्री मोडली होती. दाढीचे खुंट दिसत होते. मालक म्हणाले, "हे गिऱ्हाईक इथे मुक्कामाला आलंय का? काय केलंस तू त्यांच्या गाडीला?"

काय करायचं ते माझं रात्रीच ठरलं होतं. दोष यंत्रात असो नाहीतर माणसात, माणसाला त्याच्या खऱ्या घरी नेऊन सोडलं, त्याच्या माणसांत बसवलं, की डोकं ठिकाणावर येणार. एक ताळ्यावर आला की बाकीच्यांनाही असंच नेऊन सोडायचं. मग माझं घर माझं. गाडीच्या कागदांवर त्यांचा पत्ता होता. मी त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी मी चालवली. स्टिरिओ मी बंद ठेवला.

चांगलं घर होतं. दाराला पितळी पाटी, तिच्यावर त्यांचं नाव. दार त्यांच्या बायकोने उघडलं. पिकलेले केस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांना बघून तिने दाराला धरलं. "कुठे होतात? फोन करून करून वेडी झाले मी. आत या आधी."

डॉक्टर उंबऱ्याबाहेरच थांबले. दुसऱ्याच्या घरी थांबतात तसे.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडून एक फोन करू का? घरी काळजी करत असतील."

ती बाजूला झाली. डॉक्टरांनी बूट काढले, आत जाऊन स्टुलावरचा फोन उचलला आणि न बघता नंबर फिरवला. मी दारातच होतो. घर इतकं शांत होतं की पलीकडची रिंग मला ऐकू येत होती. मग कुणीतरी उचलला, आणि त्या आवाजामागे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"अगं, मी बोलतोय," डॉक्टर म्हणाले. "जरा अडकलोय. पिल्लूला सांग, येतोच."

"ये सावकाश," माझी बायको म्हणाली. "बाकीचे आलेत."

डॉक्टरांनी फोन ठेवला, स्वतःच्या बायकोला "आभारी आहे" म्हटलं, बूट घातले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांची बायको माझ्याजवळ आली. तिने मला विचारलं, "कुणाशी बोलले ते?"

खोटं बोलायला हवं होतं. माझ्याने झालं नाही. "माझ्या घरी," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली. बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही माझी गचांडी धरणार, आणि धरली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना तिखट सोसत नाही. तुमच्याकडे सांगाल का तेवढं?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो? गाडीची किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली आणि पायी निघालो. पहिल्या वळणावर त्यांनी काच खाली केली, ‘दवाखाना उरकून येतोच’ म्हणाले आणि मला मागे टाकून गेले. स्टिरिओचा पडदा काळाच होता. त्यांना तो लागत नव्हता.

६

घरी कसा आलो ते नीट सांगता येणार नाही. रस्ता तोंडपाठ म्हणतो ना मी, पण त्या संध्याकाळी एका चौकात मला काही केल्या आठवेना, डावीकडे की उजवीकडे. एक निळी गाडी डावीकडे वळली. मी तिच्यामागून गेलो आणि आमची गल्ली आली.

गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या होत्या. सगळ्या मी हात लावलेल्या. त्यांच्या डॅशबोर्डच्या चौकटी मी काढून परत बसवल्या होत्या. काही गाड्यांचे बॉनेट अजून कोमट होते.

दार लोटलेलं होतं. आत दिवा लावला नव्हता. मागच्या खिडकीतून बोळकांडीतला तो पिवळा उजेड येत होता, तेवढाच. त्या उजेडात भिंतीला टेकून माणसं बसली होती. निळा चौकड्यांचा शर्ट दिसला. शाळेतल्या सरांचं टक्कल दिसलं. बाकीच्यांची तोंडं अंधारात होती. सगळे एक पाय दुमडून, दुसरा लांब करून बसले होते. घोटा दुखतो म्हणून मी तसा बसतो. कुणी बोलत नव्हतं, आणि कुणाला अवघडल्यासारखंही होत नव्हतं. पिल्लू एकाच्या मांडीवर झोपली होती. त्याने तिच्या कानामागचे केस सारखे केले, ती दचकू नये म्हणून उलट्या बोटांनी. ते मी करतो. मला वाटत होतं, मीच करतो.

मी आत आलो तसे ते सरकले. रागाने नाही, नाइलाजाने नाही. घरच्या माणसासाठी सरकतात तसे, न बघता. भिंतीपाशी एका माणसापुरती जागा झाली.

बायको स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आली. ओरडायचं माझ्या जिभेवर आलं होतं. आमच्या दोघांतलं असं काहीतरी सांगायचं, जे यांच्यातल्या कुणाला ठाऊक असणं शक्य नाही. तिच्या आईशी झालेलं पहिलं भांडण. दवाखान्यात पिल्लूला तिने पहिल्यांदा माझ्या हातात दिलं ती खोली. एकेक आठवण उचलायची आणि कपाटामागचं बटण आठवायचं. यातलं माझं नक्की कोणतं, ते मला ठरवता येईना. आणि मी बोललो असतो तर अंधारातून कुणीतरी पुढचं वाक्य पुरं केलं असतं, याची मला खात्री होती.

म्हणून मी फक्त तिच्याकडे बघितलं. म्हटलं, ती ओळखेल. ती थांबली. तिची नजर एका टोकापासून निघाली आणि एकेका तोंडावर टेकत, शोधत, माझ्यापर्यंत आली. तिचे डोळे पाण्याने भरले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शेजारच्याकडे बघितलं होतं तितकाच वेळ, आणि नजर पुढे गेली.

बाहेर बूट वाजले. कुणीतरी गुडघ्याने दार उचलून आत आलं आणि माझ्या शेजारी, थोडं हुश्श करत, पाय लांब करून बसलं. हाताला औषधाचा वास होता. मी त्याच्यासाठी सरकलो.

बायकोने ताटं मांडली. पदराने डोळे पुसले. मग दाराची कडी लावायला गेली आणि तिथूनच, पाठमोरी, तिने विचारलं, "आलास ना?"

"आलो," आम्ही म्हणालो.